गोदाबाईच्या केळीखालची लाइन

सोमवार, २१ एप्रिल

सकाळी रंजनाने मोरीत भांड्यांचं पाणी ओतलं आणि ते संडासात वर आलं. आधी गुडगुड असा आवाज झाला, मग भांडं काठोकाठ भरलं. त्यात भाताची शितं तरंगत होती. मी म्हटलं, घाबरू नको, बघतो. रंजना म्हणाली, "बघून काय होणार? प्लंबर बोलवा." मी म्हटलं, सगळी नोकरी जव्हार डेपोत कंडक्टर म्हणून काढली, भर घाटात बंद पडलेली गाडी माणसांकडून ढकलून घेतली, एक नळी मोकळी करता येत नाही होय?

दुपारपर्यंत न्हाणीतही पाणी साचलं. आम्ही तिघं, मी, रंजना आणि मुलगी भारती, शेजारच्या गोदाबाईकडे जाऊन आलो. शेजारी असावा तो अशा वेळेसाठी. गोदाबाई एकटीच राहते, मुलगा ठाण्याला. तिने दार उघडून दिलं, पण म्हणाली, "भिकाभाऊ, वापरा. पण पाणी जपून ओता. माझ्याकडं टँकर येतो, नदी नाय येत."

येत्या रविवारी मोखाड्याकडून भारतीला बघायला पाहुणे येणार आहेत. अशा घरात त्यांना बसवायचं कसं?

मंगळवार, २२ एप्रिल

आज नीट विचार केला. बसमध्ये एक खिडकी अडकली तर दोष खिडकीचा. सगळ्या खिडक्या एकदम अडकल्या तर बॉडीच वाकलेली असते. तसंच इथे. नुसती मोरी तुंबली असती तर मोरीचा पाइप बघितला असता. पण मोरी, न्हाणी, संडास तिन्ही एकदम, आणि पाणी वर येतंय ते सगळ्यात खालच्या तोंडातून. म्हणजे तिन्ही जिथे एक होतात, त्याच्या पुढची मेन लाइन तुंबली.

परसात चेंबर आहे. त्याच्यावरची फरशी पहारीने उचलली तर चेंबर गच्च भरलेला. म्हणजे घरापासून इथवर वाट मोकळी, अडचण इथून मागच्या टाकीपर्यंतच्या पट्ट्यात. हे मी भारतीला समजावून सांगितलं. तिने लगेच मान डोलावली. पोरगी हुशार आहे.

बांबू फाडून लांब कांब काढली, टोकाला गोणपाट बांधलं आणि पुढे-मागे सारत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग एकाएकी कांब सुटली, चेंबरमधून घळघळ आवाज झाला आणि सगळं पाणी उतरलं. मी मोठ्याने ओरडलो. गोदाबाई कुंपणावरून म्हणाली, "काय झालं, साप निघाला का?"

गोणपाटाला केसांसारखी बारीक मुळं लागून आली होती. झटकून टाकली.

शुक्रवार, २५ एप्रिल

लाइन चालते आहे. संडासात अजून जरा गुडगुड होते, पण उतरतं.

पाहुण्यांना फोन करून कळवलं, या. मुलगा कमलेश, नोकरी चांगली आहे, घर बांधलेलं. आपली भारती त्या घरात सुखात राहील असं मला वाटतं. रंजना म्हणते, "एवढी घाई कशाला?" तिला मुलगी दूर जाणार याचं वाईट वाटतंय. आईच ती.

भारतीचा कॉम्प्युटरचा क्लास जोरात चालू आहे. सकाळी लवकर जाते. फार मेहनत घेते. त्या क्लासची खुर्ची मात्र वाईट असावी, कारण डावा पाय दुखतो म्हणून रोज तेल लावते. खिडकीजवळची जागा मिळालेली दिसते, उजवा हात कोपरापासून खाली काळवंडलाय. मी म्हटलं, सरांना सांगून जागा बदलून घे. ती म्हणाली, "नको बाबा, तीच जागा बरी आहे."

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. वरच्या रस्त्याने नाशिकची गाडी चढ चढत होती. भारती सहज म्हणाली, "गिअर उशिरा टाकला त्याने." खरंच उशिरा टाकला होता. एसटीवाल्याच्या घरात वाढल्यावर कान असे तयार होतात. मला फार बरं वाटलं.

शनिवार, २६ एप्रिल

पुन्हा तुंबली! उद्या पाहुणे आणि आज ही तऱ्हा.

फरशी उचलून कांब घातली तर पहिल्याच हाताला काहीतरी मऊ लागलं. तारेचा आकडा करून ओढलं तर हिरवं लुगडं निघालं. रंजनाचं जुनं, लाल काठाचं. चेंबरच्या पुढच्या तोंडात बोळा होऊन बसलेलं. दोरीवरून उडालं असणार. दुपारी वारा होताच. पण मी फरशी बसवून तिच्यावर विटा ठेवल्या होत्या. एवढ्या फटीतून अख्खं लुगडं आत नेलं म्हणजे वाऱ्याची कमालच म्हणायची. रंजनाला दाखवलं तर ती म्हणाली, "वारा काय, कुठूनही शिरतो," आणि पोळ्या लाटत राहिली.

लुगडं काढल्यावरही पाणी हळूच उतरत होतं. लाइन आतून बरी नाही हे नक्की. पाहुण्यांना पुन्हा फोन करावा लागला. मुलाचे वडील म्हणाले, "भिकाभाऊ, तुमच्याकडं काही अडचण असेल तर सरळ सांगा हो." मी म्हटलं, अडचण आहे ती चार इंची पाइपात आहे. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. मला फार लाज वाटली. पाहुणे बोलवायचे आणि आदल्या दिवशी नको म्हणायचं.

रंजना म्हणाली, "आता काय नाय जाणार त्या लाइनीत. तुम्ही सावकाश दुरुस्त करा." तिला इतकी खात्री कशी, कोण जाणे. पण धीर देते हे खरं.

रविवार, २७ एप्रिल

गोदाबाईने केळी आणून दिली. तिच्या कुंपणाजवळची केळ म्हणजे नवल आहे. सगळ्या आळीत पाण्याची बोंब, आमच्या तुळशीला कपडे धुतलेलं पाणी घालावं लागतं, आणि हिची केळ एप्रिलात हिरवीगार, पानं हत्तीच्या कानासारखी. घड एवढा की टेकू लावलाय. मी विचारलं, काय घालता? म्हणाली, "काय नाय. हात लागतो एकेकाचा." केळी साखरेसारखी गोड. मी बसल्या बैठकीला निम्मी फणी संपवली.

सोमवार, २८ एप्रिल

हार्डवेअरच्या दुकानदाराने युक्ती सांगितली. रंग ओता आणि बघा कुठे निघतो. होळीचा गुलाबी रंग पडला होताच. बादलीत कालवून संडासात ओतला, वरून पाणी टाकलं. मी मागे टाकीचं झाकण उघडून उभा राहिलो, भारती चेंबरजवळ.

चेंबरमध्ये रंग दिसला. टाकीत मात्र काहीच नाही. भारती आणखी पाणी ओतते, मी वाकून वाकून बघतो, टाकी कोरडीठाक. एवढा रंग गेला कुठे?

तेवढ्यात कुंपणापलीकडून किंकाळी आली. "अगं बाई! माझ्या केळीला काय झालं!"

धावत गेलो. केळीच्या आळ्यातून गुलाबी पाणी बुडबुड वर येत होतं. गोदाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. मी बघत होतो. भारती मात्र मटकन खाली बसून हसायला लागली. मग मला कळलं. आमची लाइन कुंपणाच्या कडेने जाते, तिथे जुन्या सिमेंटच्या पाइपाचा सांधा फुटलाय. आमचं सगळं ह्या केळीखाली जिरत होतं. ती गोणपाटाला आलेली मुळं हिचीच. म्हणजे काल मी निम्मी फणी...

"मावशी," भारती म्हणाली, "हात कुणाचा लागला ते कळलं."

गोदाबाईला कळायला जरा वेळ लागला. मग ती इतकी हसली की तिला केळीला धरून उभं राहावं लागलं. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "खत तुमचं असलं तरी घड माझा हाय हां, भिकाभाऊ."

रात्री जेवण जरा कमीच गेलं.

मंगळवार, २९ एप्रिल

गोदाबाईने केळ काढू द्यायला साफ नकार दिला. लाइन आमची, जागा आमची, पण केळीचा गड्डा कुंपणाखालून पसरून बरोबर पाइपावर बसलाय. ती म्हणाली, "माझा भावेश ठाण्याला गेला त्या साली लावली ही. रोज सकाळी उठून हिच्याशीच बोलते मी. तुमच्याशी बोलायला तुम्ही असता कुठं?"

रंजनाने तोडगा काढला. जुनी झाडं घड उतरेपर्यंत गोदाबाईच्या बाजूला राहू द्यायची, पाइपावरची पिलं मुळासकट काढून तिच्याच परसात दुसरीकडे लावायची आणि आमच्या मोरीचं भाज्या धुतलेलं पाणी रोज तिला बादलीने द्यायचं. "मीच आणून घालीन," रंजना म्हणाली, "तेवढ्या चार गोष्टी होतील." गोदाबाई लगेच कबूल झाली. मला वाटतं, पाण्याच्या लोभाने.

दुपारी खणायला घेतलं. मुरूम कडक. भारती टिकाव चालवत होती, मी माती ओढत होतो. पाइप उघडा पडला तेव्हा सगळं स्पष्ट दिसलं. खालचा मुरूम धुपून पाइप मधेच बसलाय, पाळण्यासारखा. सांधा तोंड वासून उभा आणि आत मुळांचा पुंजका, भिजलेल्या गोधडीसारखा. नुसतं बसवून भागणार नाही. चेंबरपासून टाकीपर्यंत नवा पीव्हीसी पाइप टाकायचा, खाली वाळू अंथरायची आणि पुढे कधी तुंबलं तर कांब घालायला मधे एक झाकणाचं तोंड ठेवायचं.

सामान आणायला माघ्याला सांगितलं. त्याचा टेम्पो जव्हार-मोखाडा माल नेतो. उद्या पाइप भरून ठेवतो, परवा सकाळी आणतो म्हणाला.

गुरुवार, १ मे

आजचं सगळं लिहायला बसलोय, पण कुठून सुरू करावं कळत नाही.

आमची गल्ली वरच्या रस्त्यापासून उतरत येते. अरुंद आहे, एका बाजूला गटार आणि खाली वळायला जागा नाही. त्यामुळे गाडी आणायची तर मागेच आणावी लागते. पाइप लांब, टेम्पोच्या मागे बाहेर आलेले, वरून विजेची तार. माघ्या स्वतः मागे पाइपांवर चढून तार चुकवत उभा होता आणि ओरडत होता, "सावकाश! सावकाश!"

मी खाली उभा राहिलो. सवयीने हात वर गेला. "येऊ दे... येऊ दे... उजवीकडं काप... सरळ कर... येऊ दे..." फार वर्षांनी गाडी मागे घेत होतो, म्हणजे घ्यायला सांगत होतो. आरशात ड्रायव्हरचा नुसता हात दिसत होता. हात मात्र चांगला होता. मी सांगायच्या आधी स्टिअरिंग वळत होतं. गोदाबाईचं कुंपण आणि गटार यांच्यामध्ये गाडी अशी सरकत आली की मी मनात म्हटलं, माघ्याने ड्रायव्हर चांगला ठेवलाय. चराच्या अलीकडे मी पत्र्यावर दोन थापा मारल्या. "बास!" गाडी जागच्या जागी थांबली.

मग एक गोष्ट डोक्यात आली. माघ्या तर मागे उभा आहे. एवढा भारी ड्रायव्हर जव्हारात आला कुठून?

दार उघडून भारती खाली उतरली.

ओढणी कमरेला बांधलेली, कपाळाला घाम. माझ्याकडे बघून तिथेच थिजली. माघ्या वरून म्हणाला, "अरे देवा, भिकाभाऊंना माहीत नाय का?"

एवढ्यात वरून हॉर्न वाजला. रस्त्याच्या तोंडाशी एक जीप उभी होती. मोखाड्याचे पाहुणे. सुट्टीचा दिवस बघून न सांगता आले होते, बहुतेक आमची अडचण खरी आहे की नाही ते बघायला. टेम्पो मागे येईपर्यंत ते वरच थांबले होते आणि समोरच्या काचेतून त्यांनी सगळं बघितलं होतं, कोण चालवतंय त्यासकट.

तिघं पायी खाली आले. कमलेश, त्याचे वडील, त्याची आई. चर उघडा, पाइप आडवे, माझ्या पायजम्याला चिखल. मुलाचे वडील आधी चराकडे बघत राहिले, मग भारतीकडे. म्हणाले, "मुलगी गाडी चालवते?"

रंजना दारात उभी होती, हाताची मूठ आवळून. भारती खाली बघत होती. तिची मान अशी खाली मी कधी बघितलेली नाही.

"चालवते," मी म्हटलं. "मागे घेताना बघितलंत ना? डेपोत असे चार सापडणार नाहीत."

मला कशातलं काही माहीत नव्हतं. पण बोललो ते खोटंही नव्हतं.

कमलेशच्या आईला मात्र घाटाच्या रस्त्यामुळे वेगळीच घाई झाली होती. तिने रंजनाच्या कानात विचारलं आणि रंजनाने तिला गोदाबाईकडे नेलं. परत आली तेव्हा तिच्या हातात केळ्यांची फणी होती. मी चहाचं बघायला आत गेलो.

चहा झाला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, लग्नानंतर हे चालवायचं बंद करेल ना? मी भारतीकडे बघितलं. ती म्हणाली, "नाही काका. मला एसटीची ड्रायव्हर व्हायचंय. लहान गाडीचं लायसन आलंय, आता मोठ्या गाडीचं काढायचंय. भरती निघेल तेव्हा जाणार." आवाज बारीक होता, पण शब्द एकही चुकला नाही.

मी म्हटलं, "मग भाऊ, आपण थांबू या. तिचं होऊ द्या आधी. तुमच्या मुलाला कशाला अडकवून ठेवायचं?" वडिलांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सरळ बोललात ते बरं झालं." रागावले नाहीत, खूशही झाले नाहीत. कमलेशने जाताना माघ्याला दोन पाइप उतरवायला मदत केली. त्याची आई मागे राहिली आणि भारतीला हळूच विचारत होती, "क्लच दाबायला लय जड असतो का गं?"

शुक्रवार, २ मे

आज काम केलं नाही.

कॉम्प्युटरचा क्लास नव्हताच. रोज पहाटे माघ्याच्या टेम्पोवर साखरशेतच्या रस्त्याला शिकत होती. रंजनाला माहीत, माघ्याला माहीत, गोदाबाईलासुद्धा माहीत. बिनतिकिटाचा माणूस मी चेहऱ्यावरून ओळखायचो. आणि घरातलं हे दिसलं नाही.

शनिवार, ३ मे

सकाळी उठून चरात उतरलो तर भारती आधीच खाली वाळू पसरत होती. मी लेव्हलचा पाइप घेतला. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. चेंबरकडे उंच, टाकीकडे खाली, उतार सगळीकडे सारखा पाहिजे. फार दिला तर पाणी पुढे पळतं आणि मळ मागे राहतो, कमी दिला तर सगळंच बसतं. बराच वेळ आम्ही नुसतं "वर घे", "थोडं खाली" एवढंच बोललो.

मग मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "सांगणार होते, बाबा. पण लायसन आलं त्याच दिवशी तुम्ही पाहुण्यांचं काढलंत. तुम्ही इतके खूश होतात."

"तू खूश नव्हतीस?"

"तुम्ही विचारलंच नाही."

मी पाइपाच्या टोकाला चिकटवायचं सोल्युशन लावत राहिलो. खरंच विचारलं नव्हतं. पोरगी लाजते आहे असं समजलो होतो.

"भीती नाही वाटत?" मी म्हटलं. "तोरंगणचा घाट आहे, धुकं आहे, समोरून रेतीचे ट्रक."

"वाटते. पण लहानपणी तुम्ही मला गाडीत न्यायचात ना, तेव्हा मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे. तुमच्याकडे नाही, पुढेच बघायचे."

हे ऐकून मला हसू आलं. मी समजत होतो, बापाचा गणवेश बघायला येते.

दुपारी सांधे जोडून झाले, टाकीचं तोंड सिमेंटने पक्कं केलं. सिमेंट धरल्यावर संध्याकाळी चाचणी. रंजना संडासात बादली घेऊन, भारती चेंबरपाशी, मी टाकीवर कान देऊन. गोदाबाई खुर्ची घेऊन कुंपणाशी येऊन बसली होती. मी ओरडलो, "सोड!" पाणी सुटलं. भारती ओरडली, "चेंबर पास!" आणि लगेच टाकीत स्वच्छ, भरघोस आवाज आला. गुडगुड नाही, थांबणं नाही. गोदाबाईने आपल्या आळ्याकडे बघितलं आणि जाहीर केलं, "माझ्याकडं काय नाय आलं." पुन्हा दोनदा ओतलं. मग चर बुजवला, आधी वाळू, मग बारीक माती, शेवटी मुरूम.

रंजना आज फार दिवसांनी गाणं गुणगुणत होती.

रविवार, ११ मे

माझी धाकटी बहीण बाळी मोखाड्याला असते. तिचा फोन आला, "दादा, न्हाणीत पाणी वर येतंय आणि संडासात आवाज येतो." मी विचारलं, नुसती न्हाणी की सगळंच? म्हणाली, सगळंच. मी म्हटलं, हात लावू नको, मी येतो.

माघ्याचा टेम्पो तसाही मोखाड्याला जाणार होता. मागे कांब, पहार, रंगाची पुडी, लेव्हलचा पाइप टाकला. माघ्या मालावर बसला, म्हणाला, "भिकाभाऊ, तुम्ही पुढं बसा." गाडी भारतीने घेतली.

हा रस्ता मला तोंडपाठ आहे असं मी समजत होतो. कुठल्या थांब्यावर कोण चढतं, कोण उतरतं, कुठे गाडी कलते आणि उभी माणसं कुणाच्या अंगावर जातात, सगळं. पण आज लक्षात आलं की रस्ता मी बघितलेलाच नाही. सगळी नोकरी मी माणसांकडे तोंड करून उभा होतो, रस्ता माझ्या पाठीमागे होता.

पहिला चढ आला. भारतीने वेळेवर गिअर बदलला, गाडीने श्वाससुद्धा मोडला नाही. वळण सुटलं आणि समोर एकदम डोंगरांच्या रांगा उघडल्या, एकामागे एक, अगदी आभाळापर्यंत. मी पुढच्या पत्र्याला हात धरून बघत राहिलो.

"बाबा, सांगा ना," ती म्हणाली, "बरोबर चाललंय का?"

मी म्हटलं, "तू रस्त्याकडे बघ. मला बघू दे."